झॅपर घरी बनवायचा तर : 555 आयसी, 9 व्होल्टची बॅटरी आणि सोलापुरी टॉवेलची पट्टी

पर्यायी उपचारांच्या दुनियेत ‘झॅपर’ नावाचं एक यंत्र गेली तीसेक वर्षं फिरतंय. 9 व्होल्टची बॅटरी, एक आयसी (म्हणजे आत तयार सर्किट असलेली छोटी चिप), मूठभर सुटे भाग आणि हातात धरायच्या तांब्याच्या दोन नळ्या, एवढाच त्याचा पसारा. तयार यंत्र ऑनलाइन घ्यायला गेलं तर भलतेच पैसे मोजावे लागतात. सुटे भाग मात्र सोलापूरच्या नवी पेठेत किंवा टीव्ही-मोबाइल दुरुस्तीचं सामान मिळतं अशा कुठल्याही दुकानात दोन-तीनशे रुपयांत येतात, आणि पहिल्यांदाच सोल्डरिंग आयर्न हातात धरणाऱ्यालाही दोन संध्याकाळींत ते जोडता येतं.

हे यंत्र गाजवलं पर्यायी उपचार करणाऱ्या अमेरिकेतल्या हल्डा क्लार्क यांनी, 1990 च्या दशकात. माणसाचे बहुतेक सगळे आजार शरीरातल्या परजीवींमुळे होतात आणि कमी दाबाची, वेगाने चालू-बंद होणारी वीज ते परजीवी मारते, असं त्यांचं म्हणणं. सात मिनिटं चालू, वीस मिनिटं विश्रांती, असं तीनदा करायचं. या दाव्याला नियंत्रित चाचण्यांचा आधार आजवर मिळालेला नाही. त्यांच्या नावाने झॅपर विकणाऱ्या संस्थेवर अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने 2003 मध्ये खोट्या दाव्यांबद्दल कारवाई केली. खुद्द क्लार्क 2009 मध्ये मल्टिपल मायलोमा या रक्ताच्या कॅन्सरने गेल्या.

मग बनवायचा कशाला? कारण सर्किट अस्सल आहे आणि इलेक्ट्रॉनिक्स शिकायला फार चांगलं आहे. दुसरं म्हणजे, एकदा स्वतः जोडून मीटर (मल्टिमीटर) लावला की यातून नेमकं किती आणि काय बाहेर पडतं ते कळतं, आणि मग विकणाऱ्याच्या बोलण्याला माणूस सहसा भुलत नाही.

आत काय चालतं

555 ही आयसी हान्स कॅमेन्झिंड यांनी 1971 मध्ये सिग्नेटिक्स कंपनीसाठी तयार केली. 1972 पासून ती बाजारात आहे आणि आजही दहा-पंधरा रुपयांत मिळते. तिचं काम गच्चीवरच्या टाकीला बसवलेल्या वॉटर लेव्हल कंट्रोलरसारखं आहे : पाणी खालच्या खुणेला आलं की मोटर चालू, वरच्या खुणेला गेलं की बंद. इथे टाकीच्या जागी कॅपॅसिटर, म्हणजे थोडी वीज साठवणारा भाग. त्यावरचा दाब (व्होल्टेज) बॅटरीच्या एक-तृतीयांश झाला की आउटपुट वर जातं, दोन-तृतीयांश झाला की खाली येतं. खुणा बॅटरीच्या प्रमाणातच ठरतात, त्यामुळे बॅटरी उतरत आली तरी फ्रिक्वेन्सी, म्हणजे सेकंदाला किती वेळा चालू-बंद होतं तो आकडा, फारशी हलत नाही.

फ्रिक्वेन्सीचं सूत्र सोपं आहे : 1.44 भागिले [(पहिला रेझिस्टर + दुसऱ्याची दुप्पट) गुणिले कॅपॅसिटर]. रेझिस्टर म्हणजे विजेला अडथळा करणारा भाग. पहिला 1 किलोओहम, दुसरा 3.9 किलोओहम आणि कॅपॅसिटर 4.7 नॅनोफॅरड घेतला तर उत्तर येतं साधारण 35 किलोहर्ट्झ. प्रचलित झॅपर 30 किलोहर्ट्झच्या आसपास चालतो. बरोबर 30 च पाहिजे, नाहीतर गुण येत नाही, असं सांगणारे भेटतील. साध्या सिरॅमिक कॅपॅसिटरची किंमत मुळातच दहा-वीस टक्के इकडेतिकडे असते, तेव्हा अशा यंत्राकडून 30 चा हट्ट धरण्यात अर्थ नाही.

काय काय आणायचं

एनई555 आयसी दोन घ्या (एक हमखास उलटी बसते) आणि तिच्यासाठी आठ पायांचा आयसी बेस. पाव वॅटचे रेझिस्टर : 1 किलोओहम एक (तपकिरी-काळा-लाल), 3.9 किलोओहम दोन (नारिंगी-पांढरा-लाल), 2.2 किलोओहम एक (लाल-लाल-लाल). कॅपॅसिटर : 4.7 नॅनोफॅरड एक, त्यावर ‘472’ छापलेलं असतं; 10 नॅनोफॅरड एक, म्हणजे ‘103’; 100 नॅनोफॅरड दोन, म्हणजे ‘104’. शिवाय 25 व्होल्टचा 47 मायक्रोफॅरडचा इलेक्ट्रोलिटिक एक. 472 पॉलिएस्टरचा, म्हणजे बहुधा हिरव्या रंगाचा, मिळाला तर तोच घ्या. स्वस्त सिरॅमिकची किंमत उष्णतेने सरकते आणि सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये घराच्या आतही उष्णता कमी नसते. एक 1एन4007 डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग), एक लाल एलईडी, छोटा स्विच, 9 व्होल्टच्या बॅटरीची कॅप, ब्रेडबोर्ड (सोल्डर न करता भाग नुसते खोचायचा बोर्ड), आणि नंतर कायमचं जोडायला झिरो पीसीबीचा, म्हणजे सोल्डर करायच्या भोकांच्या पाटीचा, तुकडा.

तांब्याची नळी हार्डवेअरमध्ये विचारत फिरू नका. एसी बसवणाऱ्यांकडे पाच-अष्टमांश इंची नळीचे उरलेले तुकडे पडलेले असतात. त्यातले दहा-दहा सेंटिमीटरचे दोन कापून घ्या आणि कडा कानशीने गोल करा. कापलेल्या तांब्याची कड ब्लेडसारखी लागते. काळी पडलेली नळी चिंच आणि मिठाने घासली की लखलखीत होते.

यात अडॅप्टर कुठेच नाही आणि तो येताही कामा नये. 230 व्होल्टवर चालणाऱ्या स्वस्त अडॅप्टरमध्ये मुख्य लाइन आणि आउटपुट यांच्यातलं इन्सुलेशन भरवशाचं नसतं. ते फुटलं तर ओल्या हातात धरलेल्या तांब्याच्या नळीवर थेट लाइन येते. बॅटरी संपली तर बॅटरीच बदलायची. नळ्या अंगाला लावलेल्या असताना सर्किटला चार्जरवरचा लॅपटॉप किंवा लाइनवरचा ऑसिलोस्कोपही (विजेची लहर पडद्यावर दाखवणारं यंत्र) जोडायचा नाही.

जोडणी

आयसी ब्रेडबोर्डच्या मधल्या खाचेवर बसवा. तिच्या अंगावरची अर्धगोल खूण डावीकडे ठेवली की खालच्या ओळीत डावीकडून 1, 2, 3, 4 आणि वरच्या ओळीत उजवीकडून डावीकडे 5, 6, 7, 8 असे पाय येतात.

बॅटरीच्या लाल वायरनंतर स्विच, स्विचनंतर डायोड. डायोडची पांढरी पट्टी सर्किटच्या बाजूला. 9 व्होल्टची कॅप लावताना अंधारात ती उलटी टेकतेच, आणि डायोड नसेल तर तेवढ्या क्षणात आयसी जाते. डायोड 0.7 व्होल्ट खातो, खाऊ दे. पट्टीच्या बाजूने निघालेली वायर ही सर्किटची ‘प्लस’. बॅटरीची काळी वायर ‘मायनस’.

8 आणि 4 नंबरचे पाय प्लसला, 1 नंबर मायनसला. 8 आणि 7 मध्ये 1 किलोओहम. 7 आणि 6 मध्ये 3.9 किलोओहम. 6 आणि 2 एकमेकांना वायरच्या तुकड्याने जोडा. 2 पासून मायनसपर्यंत ‘472’. 5 पासून मायनसपर्यंत ‘103’. 8 आणि 1 यांच्यामध्ये एक ‘104’ आणि 47 मायक्रोफॅरडचा इलेक्ट्रोलिटिक, दोन्ही आयसीच्या जितके जवळ बसतील तितके. इलेक्ट्रोलिटिकच्या अंगावरची पट्टी मायनसकडे. हे दोन कॅपॅसिटर शोभेचे नाहीत. साधी 555 प्रत्येक वेळी आउटपुट पालटताना क्षणभर बॅटरीतून मोठा करंट ओढते. तो झटका जवळच पुरवला नाही तर लहरी वेड्यावाकड्या होतात.

3 नंबर म्हणजे आउटपुट. तिथून 3.9 किलोओहम आणि एलईडी मायनसला (एलईडीचा लांब पाय रेझिस्टरकडे). त्याच 3 नंबरवरून दुसरी वाट : 2.2 किलोओहम, त्याच्या पुढे ‘104’, त्याच्या पुढे पहिली नळी. दुसरी नळी थेट मायनसला.

या शेवटच्या ‘104’ वर जरा थांबायला हवं, कारण नेटवरच्या बहुतेक आकृत्यांमध्ये तो नसतो. झॅपरवाल्यांचा आग्रह असतो की आउटपुट कायम प्लसमध्येच राहिलं पाहिजे, शून्याच्या खाली जाता कामा नये. आता 35 किलोहर्ट्झची लहर शून्य आणि 7 व्होल्टमध्ये नाचत असेल तर तिची सरासरी होते सुमारे 4 व्होल्ट. म्हणजे एका बाजूने पाहता 4 व्होल्टचा सरळ डीसीच (एकाच दिशेने वाहणारी वीज) त्वचेतून जात राहतो. ओल्या फडक्यातून डीसी गेला की तांबं विरघळतं, फडकं हिरवट होतं, आणि वीसेक मिनिटांत त्वचेवर बारीक भाजल्यासारखे चट्टे उठू शकतात. काही जण हेच चट्टे ‘विष बाहेर पडतंय’ म्हणून दाखवतात. ते नळीखाली तयार झालेलं आम्ल आणि अल्कली असतं, दुसरं काही नाही. ‘104’ मधून 35 किलोहर्ट्झ जवळजवळ अडथळ्याविना पार होतो, पन्नासेक ओहमचा अडथळा त्याला काहीच नाही. डीसी मात्र तिथेच अडतो. आयसी बिघडून आउटपुट कायम वर अडकलं, तरी अंगात डीसी जात नाही. आमच्या मते हा कॅपॅसिटर नसलेला झॅपर अंगाला लावू नये.

आणि 2.2 किलोओहम? दोन्ही नळ्या एकमेकांना टेकल्या तरी 3 मिलीअँपिअरच्या आसपासच वीज वाहावी, म्हणून तो. नेटवर इथे 1 किलोओहमही दिसतो. 2.2 ने बिघडत काहीच नाही.

अंगाला लावायच्या आधी

बॅटरी लावा. एलईडी लागला म्हणजे यंत्र चालू झालं, असं समजणं ही सगळ्यात नेहमीची फसगत. आउटपुट वर अडकून बसलं असेल तरी एलईडी लागतोच, उलट जरा जास्तच उजळ. मीटर 20 व्होल्ट डीसीवर ठेवून काळी तार मायनसला आणि लाल 3 नंबरवर लावा. सुमारे 4 व्होल्ट दिसले पाहिजेत. 7 च्या आसपास दिसले तर आउटपुट वर अडकलंय, शून्य दिसलं तर खाली. मीटर एसी व्होल्टवर लावून मोजू नका; स्वस्त मीटरचा एसी भाग 50 हर्ट्झसाठी बनवलेला असतो, 35 किलोहर्ट्झला तो वाटेल ते सांगतो. मीटरवर ‘हर्ट्झ’ची खूण असेल तर उत्तमच; 29 ते 42 किलोहर्ट्झमधला कुठलाही आकडा ठीक.

तशी सोय नसेल तर एक जुनी युक्ती आहे. ‘472’ काढून त्याजागी थोडा वेळ 100 मायक्रोफॅरडचा इलेक्ट्रोलिटिक लावा. फ्रिक्वेन्सी सेकंदाला दीड-पावणेदोन वेळा इतकी खाली येते आणि एलईडी डोळ्यांना लुकलुकताना दिसतो. लुकलुकला म्हणजे जोडणी बरोबर. परत ‘472’ लावायला विसरू नका.

आता त्या शेवटच्या ‘104’ ची परीक्षा. मीटर डीसीवरच ठेवून दोन्ही नळ्यांमध्ये लावा. आकडा भराभर उतरून शून्याजवळ थांबला पाहिजे. मग एका वाटीत पाणी, त्यात चिमूटभर मीठ, आणि दोन्ही नळ्यांची टोकं एकमेकांना न टेकता बुडवून दहा मिनिटं चालू ठेवा. ‘104’ नीट असेल तर पाण्यात काहीच होत नाही. नसेल, किंवा सोल्डरचा थेंब ओघळून तो शॉर्ट झाला असेल, तर मायनसच्या नळीवर बारीक बुडबुड्यांची झालर धरते आणि हळूहळू पाण्याला हिरवट झाक येते. हे वाटीत दिसतं तेच कातडीवर होतं.

काहीच चालत नसेल तर बघायच्या जागा थोड्याच आहेत. 4 नंबर प्लसला जोडायचा राहून गेला की आयसी कधी चालते, कधी नाही. हात जवळ नेला की चालू होते, असला भुताटकीचा प्रकार असेल तर 4 नंबरच बघा. 2 आणि 6 मधला तुकडा विसरला तर आउटपुट एका जागी बसून राहतं. लांब ब्रेडबोर्डच्या कडेच्या प्लस-मायनस पट्ट्या पुष्कळदा मध्यावर तुटलेल्या असतात, अर्ध्या बोर्डाला वीज पोचतच नाही. आयसी बोटाला चटका देण्याइतकी तापली तर लगेच बॅटरी काढा. ती उलटी आहे किंवा 3 नंबर कुठेतरी शॉर्ट झालाय. आणि ‘472’ च्या जागी ‘474’ बसला असेल तर फ्रिक्वेन्सी शंभर पट खाली, सुमारे 350 हर्ट्झवर येते. त्या छापील तीन आकड्यांतला शेवटचा आकडा म्हणजे पुढची शून्यं, तो भिंगातून वाचा.

सोल्डरिंग करताना 25 वॅटची आयर्न आयसी बेसला पुरते, पण तांब्याच्या नळीला वायर डकवायला तिचा उपयोग नाही. सगळी उष्णता नळी पिऊन टाकते, सोल्डर वर नुसता मोत्यासारखा बसतो आणि दुसऱ्या दिवशी निखळतो. नळीला 3 मिलिमीटरचं भोक पाडून नट-बोल्टने थिंबल (वायरच्या टोकाला बसवायची धातूची कडी) आवळा.

टॉवेलची पट्टी आणि पाणी

नळी उघडी धरायची नसते. मूळ पद्धतीत ओला कागदी रुमाल गुंडाळतात, पण तो फाटतो आणि मिनिटभरात वाळतो. त्यापेक्षा सोलापुरी टेरी टॉवेलची पट्टी कितीतरी बरी : शुद्ध सुती, दोन्ही बाजूंनी फेरे असलेली, पाणी धरून ठेवणारी. नळीभोवती एकच वेढा बसेल अशी, दहा बाय सहा सेंटिमीटरची पट्टी पुरते. मात्र पट्टी जुन्या, वापरून मऊ झालेल्या टॉवेलची हवी. कोऱ्या टॉवेलला फिनिशिंगचा हात मारलेला असतो, पाणी वरच्यावर ओघळतं आणि पट्टी आतून कोरडीच राहते. नवाच घ्यायचा तर दोन-तीनदा साध्या साबणाने धुवा, सॉफ्टनर न टाकता.

पाण्याचं गणित उलटं आहे. आरओचं किंवा जारचं पाणी इथे वाईट, कारण क्षार काढून टाकलेले असल्याने ते वीज नीट वाहून नेत नाही. बोअरचं खारट पाणी इथे एकदम कामाचं. नसेल तर पेलाभर पाण्यात चिमूटभर मीठ.

नळ्या धरायच्या कुठे? रूढ पद्धतीत दोन हातांत दोन. म्हणजे वीज एका हातातून छातीवरून दुसऱ्या हातात जाते. एवढ्या कमी करंटने धोका नगण्य असला तरी घरी बनवलेल्या सर्किटची वाट छातीवरून नेण्याचं कारण काय? एक नळी मुठीत आणि दुसरी त्याच हाताच्या कोपराखाली पट्टीने बांधलेली, म्हणजे वाट हाताच्या हातात राहते. डोकं आणि मान तर पूर्ण वर्ज्य. पेसमेकर किंवा शरीरात बसवलेलं दुसरं कुठलंही उपकरण असेल, हृदयाच्या ठोक्यांची तक्रार, फिट येण्याचा आजार किंवा गर्भारपण असेल, तर हे अंगाला लावायचंच नाही. कापलेल्या-खरचटलेल्या जागी आणि लहान मुलांनाही नाही.

काय जाणवतं? काहीच नाही, आणि जाणवूही नये. अंगातून जाणारी वीज दोन्ही दिशांना 1 मिलीअँपिअरच्या आसपास असते. घरातल्या 50 हर्ट्झला एवढी वीज बऱ्याच जणांना मुंग्यांसारखी जाणवते, पण फ्रिक्वेन्सी वाढत जाते तसं मज्जातंतूंना जागं करायला जास्त करंट लागतो. 35 किलोहर्ट्झला 1 मिलीअँपिअर जाणिवेच्या बराच खाली राहतो. त्यामुळे झिणझिण्या आल्या तर ‘गुण येतोय’ म्हणून आनंदू नका. फ्रिक्वेन्सी घसरलीय, ‘104’ शॉर्ट आहे किंवा पट्टी सरकून नळीची कड थेट कातडीला लागतेय. बंद करून मीटर लावा.

परजीवींचं काय

इथे आकडेच बोलतात. मिलीअँपिअरभर वीज ओल्या पट्टीतून आत शिरली की हाताच्या सगळ्या जाडीत पसरते. आतड्यातल्या जंतापर्यंत पोचणारा भाग नावालाही उरत नाही, आणि एकाच हातावर नळ्या असतील तर पोटाकडे वाटच जात नाही. दोन्ही हातांत धरल्या तरी वीज छातीतून आडवी जाते, पोटात उतरत नाही. ‘अमुक जंतूला अमुक फ्रिक्वेन्सी’ असे तक्ते सर्रास फिरतात; ते या यंत्राच्या कामाचे नाहीत. फिजिओथेरपिस्टकडचं टेन्स यंत्र हे वेगळं प्रकरण. ते 2 ते 150 हर्ट्झच्या आसपास, कितीतरी मोठ्या पल्सने मज्जातंतूंना डिवचतं, वेदना कमी करायला. झॅपरचा ‘472’ बदलून टेन्स होत नाही, तो उद्योग करू नये.

जंतच झाले असतील तर त्यावर अल्बेंडाझोल नावाची साधी गोळी आहे. राष्ट्रीय जंतनाशक दिनाला, 10 फेब्रुवारीला, शाळा-अंगणवाड्यांत 1 ते 19 वयाच्या मुलांना फुकट देतात ती हीच. मोठ्यांनी डॉक्टरला विचारून घ्यावी. खोकला दोन आठवड्यांच्या वर लांबला, वजन उतरत चाललं, साखर वाढली, तर सिव्हिलचा केसपेपर आधी काढा. झॅपर टेबलावरच राहू द्या.

हेच सर्किट किंवा नुसत्या बॅटऱ्या वापरून ‘चांदीचं पाणी’ बनवायचे धडेही झॅपरसोबत येतात. त्याच्या वाटेला जाऊ नका. चांदी पोटात जात राहिली की कातडी निळसर-करडी होते आणि तो रंग पुन्हा जात नाही.

बनवून कुणाला द्यायचा असेल तर सर्किटची आकृती डब्याच्या झाकणात चिकटवून द्या. ‘कॅन्सरवर, शुगरवर गुणकारी’ असं लिहून विकायला काढला तर 1954 च्या औषधे आणि जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याखाली तो गुन्हा ठरू शकतो. मग ती जाहिरात व्हॉट्सअ‍ॅपवरची का असेना.

यंत्र चालू असताना 10 ते 15 मिलीअँपिअर ओढतं, म्हणजे चांगली अल्कलाइन बॅटरी तीसेक तास तरी निघते. भाराखाली बॅटरी 7 व्होल्टच्या खाली गेली की बदला. वापर नसेल तेव्हा ती काढून वेगळी ठेवा. विशेषतः मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत किंवा गाडीच्या डिकीत राहिलेली साधी बॅटरी फुगते, गळते, आणि कॅपच्या तारा आतून हिरव्या करून ठेवते. मग पुढच्या वेळी एलईडी लागत नाही आणि दोष आयसीचा समजून माणूस सगळं सर्किट उचकटतो. आधी कॅपच्या दोन टोकांवर मीटर लावून बघा.